लाइट गेली की धावणाऱ्या गंगाक्का

लाइट गेली की आमच्या गल्लीत कुणी मेणबत्ती शोधतं, कुणी वीजवाल्यांच्या नावानं खडे फोडतं. गंगाक्का मात्र तव्यावरची भाकरी तशीच टाकून कारखान्यात धावायच्या आणि मशीनचा प्लग उपटायच्या. शाळेच्या नोकरीमुळे मी धाराशिवला त्यांच्या शेजारी राहायला आले, त्या पहिल्याच संध्याकाळी हे पाहिलं आणि या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं मला वाटलं.

कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याचं शेड. तिथं त्यांचे यजमान सिद्रामप्पा चौकटी आणि देव्हारे करायचे. लाकडात खाच आणि नक्षी पाडायला त्यांच्याकडे राउटर नावाचं हातात धरायचं मशीन होतं. त्याचं पातं डोळ्याला दिसणार नाही इतकं जोरात फिरतं. पूर्वी एकदा काम चालू असताना लाइट गेली. बटण तसंच चालू राहिलं. लाइट आली तेव्हा टेबलावर ठेवलेलं मशीन आपोआप उसळलं आणि आक्कांच्या पायाशी येऊन पडलं. तेव्हापासून त्यांचा हा नेम.

"लाइट गेली म्हंजी मशीन मेलं न्हाय, बाई. निजलंय नुस्तं," त्या मला सांगायच्या.

सांगायची हौस दांडगी. "बाही दुमडा, मशीनला बाही कुठली आन् बोट कुठलं कळत न्हाय." "फळी आवळून बांधा, हातानं धरू नका." "चष्मा कुठं ठिवलाय?" हे सगळं नवऱ्याला. मी त्यांच्याकडे भाजी चिरायला बसले तर, "बाई, सुरी उलटी धरलीया तुमी." आयुष्य मुलांना शिकवण्यात गेलेल्या मला शिकवणारी ही एकच भेटली. मी फणकारायचे आणि दुसऱ्या दिवशी चहाला पुन्हा त्यांच्याच स्वयंपाकघरात.

एकदा देव्हारा सांगायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर आक्का अशाच धावत गेल्या. "साहेब आले वाटतं तपासणीला," म्हणून ते गिऱ्हाईक हसलं. सिद्रामप्पांना ते झोंबलं.

"उद्यापास्नं शेडात पाय ठिवू नगंस," ते गरजले. "मला काय लेकरू समजलीस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहाला बसले असताना लाइट गेली. आक्का उठल्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि परत येऊन बसल्या. "मला काय करायचंय? लेकरू न्हाईत ते." पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या. चहा निवत चालला होता. मग डोक्यावरचा पंखा फिरायला लागला आणि शेडातून किंकाळी आली.

लाइट नाही तोवर पातं बदलून घेऊ, म्हणून सिद्रामप्पा पाना घेऊन बसले होते. बटण चालू, प्लग भिंतीत. इतकी वर्षं प्लग आक्काच काढत आल्या, त्यामुळे तो आपण काढायचा असतो हे त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

त्यांनी आक्कांना कधी बोल लावला नाही. "मशीनम्होरं म्या व्हतो, तू न्हाय," एवढंच म्हणाले. आक्कांना तेच सोसलं नाही. "एकदा तरी रागवा की हो माझ्यावर," असं त्यांना विनवताना मी भिंतीपलीकडून ऐकलंय.

हाताची जखम भरून आली. सिद्रामप्पा पुन्हा कामाला लागले, आता न चुकता स्वतः प्लग काढून. आक्का मात्र शेडात गेल्या नाहीत आणि कुणाला काही सांगायच्याही बंद झाल्या. मी त्यांच्यासमोर मुद्दाम सुरी उलटी धरून बसायचे. त्या बघायच्या आणि तोंड फिरवायच्या. मला रडू यायचं.

"बोटांचं काय न्हाय, बाई," सिद्रामप्पा एकदा फाटकाशी म्हणाले. "काम जमतंय. पर घरात बोलणारं मानूस ऱ्हायलं न्हाय. म्याच गप केलं तिला."

गेल्या हिवाळ्यात आक्का गेल्या. आदल्या दिवशी दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी होते. समोरच्या टपरीवरून चहा आणायला सिद्रामप्पा उठले, तशा आक्कांनी डोळे उघडले.

"गाड्या लई हाईत," त्या हळूच म्हणाल्या. "दोनी बाजू बघून जावा."

सिद्रामप्पा दारातच थांबले. "व्हय," म्हणाले, "बघून जातो."

ते रस्त्यापर्यंत गेलेच नाहीत. दाराबाहेरच्या बाकावर बसून लेकरासारखे रडले.