पहिली ओळ दोनदा

दोह्यात मला गाडी चालवायला उस्मान चाचांनी शिकवलं. गाणं ऐकायलाही त्यांनीच शिकवलं. हे आधीच लिहून टाकतो. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, लिहिता लिहिता कुठे भरकटेन सांगता येत नाही. बाकी काही राहून गेलं तरी चालेल, हे राहायला नको.

चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. उंच, किडकिडीत, मेंदीने लाल केलेली दाढी, आणि उन्हाळा असो की हिवाळा, गळ्यात एक चौकड्यांचा पंचा. आमच्या कंपनीच्या मेसचा पिकअप ते चालवत. भाजी, पाव, मटण आणि बर्फाच्या लाद्या बाजारातून आणायच्या आणि फरीज बिन ओमरान या वस्तीच्या बाजूला आमच्या खोल्या होत्या तिथल्या मेसमध्ये टाकायच्या, हे त्यांचं काम. मी अठ्ठ्याहत्तर साली ड्रायव्हरच्या व्हिसावर आलो, पण इथलं लायसन हातात नव्हतं. ते मिळेपर्यंत मला चाचांच्या गाडीवर बर्फ उचलायला दिलं.

पहिल्या दिवशी गाडीत बसलो तर रेडिओवर इंग्रजी गाणं. मला वाटलं, म्हातारा शिकलेला दिसतोय. मी जरा अंग चोरून बसलो. थोड्या वेळाने धीर करून विचारलं, हिंदी लागतं का यावर? चाचांनी रेडिओकडे बोट दाखवलं. स्टेशन बदलायचं बटण गळून पडलं होतं, त्या जागी नुसतं भोक. काटा जिथे होता तिथेच कायमचा बसलेला, आणि तिथे इंग्रजी स्टेशन.

"आदी लय शिव्या घातल्या," चाचा म्हणाले. "मग म्हटलं, पाव्हणा जात नाय तर निदान त्याच्याशी बोलून तरी बगू."

कंपनीच्या मेकॅनिकने दोनदा बटण बसवून देतो म्हटलं होतं. चाचांनी दोन्ही वेळा त्याला चहा पाजून परत पाठवलं.

असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज झाली की आमची दुसरी फेरी निघायची, आणि त्याच वेळेला रेडिओवर एक इंग्रज बाई यायच्या. शांत, जरा घोगरा आवाज. गाणं लावायच्या आधी त्या बराच वेळ समजावून सांगत. आम्हा दोघांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, तरी चाचा अधूनमधून मान हलवत. चाचा त्यांना 'आपली मास्तरीण' म्हणत. मी मात्र 'बाई'च म्हणायचो. शाळा सोडल्यावर इतक्या वर्षांनी मला पुन्हा बाई मिळाल्या होत्या, आणि या बाई पाढे विचारत नव्हत्या.

बाई वेगवेगळ्या वारी वेगवेगळी गाणी लावत. त्या सारख्या म्हणत म्हणून तीन नावं आम्हाला पाठ झाली: फोक, ब्लूज आणि सोल. चाचांनी त्यांचे आपल्यापुरते अर्थ लावून टाकले होते. फोक म्हणजे एकटी गिटार आणि लांबलचक गाणं. "ही बाय गावची बातमी सांगते बग," ते म्हणत. "कोण मेला, कोण पळून गेला, सगळं सांगणार. तिला थांबवू नको." सोल लागलं की आमचं भांडण व्हायचं. एक जण पुढे होऊन गातो, मागचे सगळे त्याला उचलून धरतात, मधेच टाळ्या. मी म्हणायचो हे आमच्या गावातलं भजन आहे, फक्त पखवाज तेवढा नाही. चाचा म्हणायचे ही कव्वाली आहे, घाट्या, तुला काय कळतंय. देशावरच्या सगळ्यांना ते घाटी म्हणत आणि मी रागावलो की खूश होत. त्या भांडणात बर्फ वितळायचा आणि मेसचा आचारी आम्हा दोघांना मल्याळीत काहीतरी ऐकवायचा.

पण चाचांचं खरं प्रेम ब्लूजवर. त्यातही एका म्हाताऱ्यावर. काथ्याच्या दोरीसारखा खरखरीत आवाज, आणि गिटार अशी की कोणी दमून पायऱ्या उतरतोय. नाव आम्हाला कधी नीट लागलं नाही. चाचांच्या मते तो बंदरावर उभा होता आणि त्याची होडी त्याला न घेता निघून गेली होती. "बग, आता होडी लांब गेली," ते मला सांगत. "आता तो कंदील बगतोय." मी काळजीने विचारायचो, मग मिळाली का त्याला होडी? "मिळाली असती तर गाणं कशाला म्हटला असता?"

त्या म्हाताऱ्याची एक सवय चाचांनीच मला दाखवली. तो पहिली ओळ म्हणायचा, मग तीच ओळ परत म्हणायचा, आणि मग तिसरी निराळी. दर कडव्याला असंच. मी विचारलं, एकच ओळ दोनदा कशाला?

"पयल्यांदा कोण ऐकतो कोणाचं?" चाचा म्हणाले. "मी घरी चहा मागतो तो दोनदा मागायला लागतो. दोनदा सांगितलं की मग तिसऱ्यांदा आपणच उठायचं. तोच तर सांगतोय तो."

आता माझं रडगाणं. लायसनच्या परीक्षेत मी नापास झालो. इथे सगळे चौक गोल. मधे मोठा गोल ओटा, त्याच्याभोवती गाड्या फिरणार. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी हाकायची, इथे उजव्या. ते मी घोकून ठेवलं होतं. पण गोल समोर आला आणि हात आपोआप फिरले ते गावातल्या मारुतीच्या देवळाभोवती फिरतात तसे. देव उजव्या हाताला ठेवून. समोरून येणाऱ्या गाड्या बघून शेजारी बसलेल्या पोलिसाने स्टिअरिंग धरलं म्हणून मी आज हे लिहितोय.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ती चूक टाळली. गोलाच्या तोंडाशी येऊन थांबलो, आणि थांबलोच. कधी घुसावं ते कळेना. मागे हॉर्नचा कल्लोळ. पोलिसाने मला उतरवून गाडी स्वतः परत नेली.

कंपनीच्या मॅनेजरने बोलावून सांगितलं, आता एकच संधी. नाहीतर व्हिसा रद्द, पुढच्या विमानाने घरी. मी जात्याच घाबरट. रात्री दाराची कडी लावली की पुन्हा उठून बघणारा. गावात मामाच्या ट्रकवर क्लीनर होतो, तिथून 'कतारला ड्रायव्हर' म्हणून निघालो तेव्हा निम्मं गाव एसटी स्टँडवर आलं होतं. आईने तर ड्रायव्हरची आई म्हणून देवळात पुढच्या रांगेत बसायला सुरुवात केली होती. परत जाऊन तिला मागच्या रांगेत कसं बसवायचं, हा विचार मला जेवू देईना.

चाचांनी पाहिलं. शुक्रवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, मला गाडीत घालून अल सद्दच्या पलीकडे घेऊन गेले. तिथे तेव्हा नुसती मोकळी जमीन होती. मधोमध एक रिकामा तेलाचा ड्रम उभा केला, रेडिओ लावला आणि मला म्हणाले, फिर याच्याभोवती.

मी फिरलो. ड्रम उजव्या हाताला ठेवून. चाचा हसायला लागले.

"अरे, परत मारुती?"

मी म्हटलं, चाचा, अंगातच बसलंय. उलटं फिरलं की पाप केल्यासारखं वाटतं.

ते जरा गंभीर झाले. म्हणाले, मी उमऱ्याला मक्केला गेलो तेव्हा काब्याभोवती तवाफ केला, म्हणजे फेऱ्या घातल्या, त्या काबा डाव्या हाताला ठेवून असतात. इतक्या माणसांच्या गर्दीत चाललो की पायांनीच शिकून घेतलं. पुढे इथे गाडीला हात लावला तेव्हा गोल कधी चुकला नाही.

"तू तुझ्या मारुतीला तुझ्या बाजूने फिर. त्याचं काय म्हणणं नाय. पण हा ड्रम देव नाय, आणि पोलीस त्याला एकाच बाजूने मोजतो."

एवढ्याने माझं पाप उतरलं. आश्चर्य म्हणजे हातही वळले. गाणं संपेपर्यंत फिरायचं, दुसरं लागलं की थांबून पुन्हा गोलात शिरायचं, असं आम्ही करत राहिलो. फिरणं जमलं, पण शिरणं जमेना. चाचा स्वतः उतरून ड्रमाभोवती चालत, म्हणजे येणारी गाडी ते. आणि मी त्यांना बघून ब्रेकवर पाय ठेवून बसलेला. चाचा तीन वेळा समोरून गेले, पंच्याने घाम पुसत, तरी मी जागचा हललो नाही.

शेवटी ते खिडकीपाशी आले. रेडिओवर नेमका तो म्हातारा लागला होता. चाचांनी बोट वर करून मला गप्प केलं आणि ऐकत राहिले.

"पयली ओळ, थांब आणि डावीकडे बग," ते म्हणाले. "दुसरी ओळ, तीच ओळ, परत डावीकडे बग. तिसरी ओळ आली की जायचं. तिसऱ्या ओळीला कोणासाठी थांबायचं नाय."

मी तसं केलं. पहिल्या ओळीला बघितलं. दुसऱ्या ओळीला बघितलं. तिसऱ्या ओळीला क्लच सोडला आणि गाडी गोलात अशी गेली जशी काय तिथलीच होती. पुढचे कित्येक शुक्रवार जुम्म्याच्या नमाजेची वेळ होईपर्यंत आम्ही त्या ड्रमाला म्हाताऱ्याची गाणी ऐकवली. म्हातारा रेडिओवर नसला की चाचा स्वतः गात, इंग्रजी शब्दांच्या जागी स्वतःचे काहीतरी घालून. त्यात होडी हमखास असायची.

परीक्षेच्या दिवशी गाडी पोलिसांची, तीत रेडिओ बंद. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गोल जवळ यायला लागला, आतून पाण्याचा एक टँकर येताना दिसला. मग माझ्या तोंडून आपोआप ते निघालं. हळू, नाकातल्या नाकात. पहिली ओळ, डावीकडे टँकर. तीच ओळ परत, टँकर गेला, मागे कोणी नाही. तिसरी ओळ.

गोल पार झाल्यावर शेजारच्या पोलिसाने माझ्याकडे वळून विचारलं, "गाना गाता है?"

"नहीं, साब."

"गाता है." तो वहीत काहीतरी लिहीत राहिला. परत आवारात आल्यावर उतरताना म्हणाला, "आवाज खराब है. गाड़ी ठीक है."

चाचा बाहेर भिंतीच्या सावलीत पिकअप लावून बसले होते. मेसचा बर्फ तसाच मागे. गाडीखाली पाण्याचं तळं झालेलं. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. "यल्ला, चल," एवढंच म्हणून ते उतरले, वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि मला स्टिअरिंगवर बसवलं. मेसमध्ये आचाऱ्याने बर्फाच्या पातळ झालेल्या लाद्या बघून कपाळाला हात लावला, तर चाचा माझ्याकडे बोट दाखवून त्याला म्हणाले, बाकीचा या दत्ताच्या लायसनमध्ये गेला. त्या दिवशी सगळ्यांनी कोमट ताक प्यायलं आणि कोणी कुरकुर केली नाही.

पुढे काही वर्षं आम्ही दोन गाड्या चालवल्या. वेळा जमवून एकाच गोलावर गाठ पडली की चाचा काच खाली करून ओरडत, "परत बग!" मग त्यांच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. कोणाच्या लक्षात यायच्या आत त्यांनी स्वतःच मॅनेजरला जाऊन सांगितलं, लांबची गाडी मला दिसत नाय, आता खलास. कंपनीने फार आग्रह केला नाही.

विमानतळावर मीच सोडायला गेलो. वाटेत रेडिओ चालू होता. बाई बोलत होत्या. एव्हाना मला थोडंफार कळायला लागलं होतं. रोज ऐकून ऐकून शब्द ओळखीचे झाले होते. चाचांनी विचारलं, काय म्हणते आपली मास्तरीण? मी म्हटलं, पुढचं गाणं तिच्या आवडीचं आहे.

"तू शिकतंस," ते म्हणाले. "एक दिवस गावाला ये आणि तो म्हातारा खरं काय म्हणतो ते मला सांग. मी आपला आंदाजाने होडी चालवली."

मी येईन म्हटलं. पण तेवढ्यात हमाल, ट्रॉल्या, कोणाचं तरी रडणारं पोर, सगळी गडबड. चाचा पंचा सावरत आत गेले. त्यांनी ऐकलं की नाही, मला आजपर्यंत माहीत नाही.

आता माझ्या गाडीतला रेडिओ नवा आहे, बटण शाबूत आहे. तरी काटा तिथेच असतो. मागच्या हिवाळ्यात बाईंनी पुन्हा त्या म्हाताऱ्याचं ते गाणं लावलं, आणि या वेळी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळलं. त्यात होडी नाही. बंदर नाही, कंदीलही नाही. त्याच्या बायकोने त्याला घराबाहेर काढलंय, आणि तो दारात उभा राहून आपले बूट मागतोय. पहिल्यांदा मागतो, ती देत नाही. परत मागतो. तिसऱ्या ओळीला अनवाणीच निघतो. मी गाडी बाजूला घेतली आणि एकटाच हसत सुटलो. शेजारी चाचा नव्हते, त्याचं इतकं वाईट वाटलं की हसू थांबेना.

सुट्टी मिळते ती मोजकी. आई, घर, लग्नकार्यं यातच संपते, घाट उतरायचं राहूनच जातं. आणि मनात भीती: चाचांना आता ऐकू तरी येत असेल ना, ओळखतील ना. पण ते गाणं मी कॅसेटवर भरून घेतलंय, कपड्यांच्या घडीत ठेवलंय. पुढच्या सुट्टीत आधी कोकण, मग घर. आईलाही तसं कळवून टाकलंय. एक-एक ओळ थांबवून अर्थ सांगणार आहे, आणि तुमची होडीच जास्त चांगली होती हेही.

चाचा, मी येणार आहे.

चाचा, मी येणार आहे.

चहा दोनदा मागायला लागला तरी चालेल, मी बसून राहीन.