नानांनी सोडलेलं मीठ

सराव संपला की नाना धावणाऱ्या पोरींच्या कपड्यांवर वाळलेल्या घामाच्या पांढऱ्या रेघा बोटाने दाखवून अहिराणीत म्हणायचे, "हाई देख पोरी, तुन्हं बठ्ठं मीठ आठे शे. आते पोटमा काय शे?" मग लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी समोर यायचं आणि ते संपेपर्यंत पोरीची सुटका नसायची.

धुळ्यातल्या आमच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक होते. निवृत्तीनंतरही मैदान काही सुटलं नाही. मी मराठीचा मास्तर, नुसता मदतीला. तुम्ही त्यांना पाहिलं असतंत तर हसला असतात. पोरीची खालची पापणी ओढून आत डोकावायचे. फिकी दिसली की तिच्या आईला निरोप जायचा: ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी द्या, मेथीवर लिंबू पिळा, जेवणावर चहा बंद. एका आईने वैतागून विचारलं, "नाना, पोर पळवायची आहे की बाळंतीण उठवायची आहे?" नाना गंभीरपणे म्हणाले, "दोन्हीस्ले रगत लागस, अक्का."

त्यांची सगळ्यात लाडकी धावपटू दोंडाईचाची होती. जळगावला निवड चाचणी होती, एप्रिलचं ऊन. अंग हलकं राहावं म्हणून तिने आधीपासून जेवण तोडलं होतं आणि तहानेपोटी नुसतं साधं पाणी ढोसत होती. नानांना पत्ता लागू दिला नव्हता. शेवटच्या वळणावर ती कोसळली. अंग ताठ, डोळे पांढरे. नाना हाका मारत होते आणि ती त्यांना ओळखत नव्हती. मी दवाखान्यात न्यायला रिक्षा आणायला धावलो.

"रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठच, फार खाली गेलंय," डॉक्टर म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्या दाराबाहेर नाना हात जोडून बसले होते. संध्याकाळी ती शुद्धीवर आली, तेव्हा कुठे आम्ही पाणी प्यायलो.

त्यानंतर ती गावी गेली आणि मैदानावर फिरकली नाही.

मे महिन्यात एकदा आम्ही शाळेच्या ओट्यावर डबा खात होतो. नानांच्या डब्यातली उडदाची डाळ मी चाखली. अळणी.

"नाना, सूनबाई मीठ विसरल्या वाटतं."

"ती नही विसरनी. मी सोडेल शे."

दवाखान्याच्या दाराशी ते नवस बोलून बसले होते: पोर वाचू दे, ती परत पळेपर्यंत मीठ खाणार नाही.

सत्तरी ओलांडलेला माणूस, लघवीवाटे मीठ काढणाऱ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, दिवसभर उन्हात उभा. त्यांनी पोरींना शिकवलेलं सगळं मी त्यांना ऐकवलं.

"ते पयनाऱ्या पोरीस्ले," नाना हसले. "मी ते नुस्ता उभा ऱ्हास. पोरीस्ले सांगू नको."

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलाला सांगितलं. मुलाने पाया पडून पाहिलं, डॉक्टर रागावले. नानांनी सगळ्यांना मान डोलावली आणि ताट तसंच अळणी ठेवलं. शेवटी मी दोंडाईचाला फोन करून तिला नानांचा नवस सांगितला. ती रडायला लागली. "सर, मला खूप भीती वाटते. परत पडले तर?" मलाही तीच भीती होती.

मग नाना मला भलत्याच नावाने हाक मारू लागले. उन्हाने होत असेल, असं मी स्वतःला समजावत राहिलो. एका दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला. पुन्हा तेच सोडियम, तशीच बेशुद्धी. दवाखान्यातून नाना परत आले नाहीत.

नानांचा नवस फेडायचा म्हणून आता ती रोज सकाळच्या बसने येते. डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली आहे. आईनेही दिली आहे. बुटांच्या नाड्या बांधून ती चुन्याच्या रेघेवर उभी राहते.

"सर, पळू?"

काय खाल्लंस, काय प्यायलीस, मी पुन्हा पुन्हा विचारतो. ती सगळं नीट सांगते. 'हो' म्हणायच्या ऐवजी मी लिंबू, मीठ, साखरेच्या पाण्याचा आणखी एक पेला तिच्या हातात देतो. ती वाट पाहत रेघेवर उभी असते.