न झालेला बाप्तिस्मा

मावशी आमच्या दवाखान्यात आली ती मुलाच्या खांद्यावर भार टाकून. वर्ध्याच्या स्टेशनापासून टांग्यातून आणलं होतं तिला. हिंगणघाटच्या जिनात सरकी-कापूस वेगळा करता करता तिच्या छातीचा पार चुराडा झाला होता. चार शब्द बोलली की थांबायची, श्वास गोळा करायची, मग पुढचे चार. मी तेव्हा त्या मिशनच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात नर्स होते. गणवेशातल्या मला पाहून ती तेवढ्यातही हसली आणि मुलाला म्हणाली, "पाह्य, मॅडम झाली आपली पोरगी."

मी तिच्या बहिणीची मुलगी. माझी आई मी रांगायलाही लागले नव्हते तेव्हा वारली आणि बापाने दुसरं घर केलं. मावशीचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. तिची सासू दुसऱ्याचं लेकरू घरात ठेवायला तयार नव्हती. तेव्हा मावशीनेच मला पाठीशी बांधून वडनेरहून वर्ध्याला आणलं आणि मिशनच्या अनाथाश्रमात दिलं. तिथेच माझा बाप्तिस्मा झाला. कापसाचा हंगाम संपला की ती दरवर्षी भेटायला यायची, पदरात शेंगा बांधून. फाटकापाशी बसून त्या सोलून द्यायची आणि ऊन उतरायच्या आत निघून जायची.

मिशनने मला अन्न दिलं, अक्षर दिलं, नर्सिंगचं शिक्षण दिलं. हे मी कधी विसरले नाही. त्यासोबत एक भीतीही दिली. रविवारच्या वर्गात शिकवत, पहिल्या माणसाने आज्ञा मोडली, ते पाप सगळ्यांच्या रक्तात उतरलं आणि ज्यांनी प्रभूला स्वीकारलं नाही त्यांना कधीही न संपणारी शिक्षा आहे. मी एकदा वर्गाच्या बाईंना विचारलं होतं, माझ्या आईचं काय? तिला तर कुणी प्रभूबद्दल सांगितलंच नव्हतं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, म्हणूनच तू उपकार मान, तू तरी वाचलीस. मी उपकार मानले. रोज रात्री गुडघे टेकून मानत राहिले. पण सगळ्या घरातून मी एकटी वाचलेली, असं ते वाचणं होतं. वसतिगृहात चाळीसेक मुलींत झोपूनही मला कुणाचा शेजार वाटायचा नाही.

डॉक्टरांनी मावशीला तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार दिवस नाहीत. तिचा मुलगा गावी जाऊन येतो म्हणाला, गुरंढोरं शेजाऱ्यावर टाकून आला होता. मी एकटीच तिच्याजवळ राहिले.

आमचे पाळकसाहेब वॉर्डात प्रार्थनेला येत. नगरकडचे, उंच, मृदू बोलणारे. पटकीच्या साथीत रोग्यांची घाण त्यांनी स्वतःच्या हाताने काढली होती, हे मी पाहिलेलं होतं. त्या दिवशी प्रार्थना आटोपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, माझी मावशी कुठे जाईल?

त्यांनी बाकावर बसायला सांगितलं. मग शांतपणे समजावलं की सगळेच अपराधी आहेत, देव कुणाचं देणं लागत नाही, तो काहींना तारतो ही त्याची कृपा. मी म्हटलं, तिचे अपराध मला माहीत आहेत. सासूला शिव्या दिल्या असतील, कधी दुसऱ्याच्या वावरातली मूठभर तूर ओच्यात घातली असेल. इथला मॅजिस्ट्रेटसुद्धा शिक्षा देताना तिला शेवट ठेवतो. ते म्हणाले, अपराध केवढा हे नाही पाहायचं, तो कुणाविरुद्ध केला हे पाहायचं. देव अनंत, म्हणून शिक्षाही तशीच.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोलले. "पण पाळकसाहेब, माणूस जितका मोठा, तितकं तो लवकर माफ करतो. आपण ज्यांना मोठं म्हणतो ते त्यासाठीच ना?"

ते म्हणाले, "हा प्रश्न मलाही पडलेला आहे. मी पाळक झालो तरी तो सुटलेला नाही." आणि लगेच, जणू जास्त बोलून गेल्यासारखं, उठत म्हणाले की वेळ थोडा आहे. ती बाप्तिस्म्याला हो म्हणाली तर मला बोलाव. मी नसलो तर तूही करू शकतेस, वाटीभर पाणी पुरे.

ते गेले आणि सगळं माझ्यावर येऊन पडलं. मी खाटांमधून फिरत होते, औषधं देत होते, आणि मनात एकच चाललं होतं. वाटीभर पाण्याने एक माणूस आगीतून सुटणार असेल, तर ते न देणारी मी कोण? आणि वाटीभर पाण्यावाचून त्याला आगीत टाकणारा जो, तो कोण? ज्याला विचारावं असं कुणी नव्हतं. बरोबरच्या नर्सना हा प्रश्नच पडला नसता. त्या म्हणाल्या असत्या, विचार कसला करतेस, उरकून टाक.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वॉर्ड झोपलेला असताना, मी वाटीत पाणी घेऊन तिच्या खाटेपाशी बसले. सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, आगीचंसुद्धा. ती ऐकत होती. मध्ये एकदा तिने विचारलं, "तुह्या मायचं काय झालं मंग?" मी मान खाली घालून डोळे पुसले.

मग ती म्हणाली, "मागल्या वर्सी नागपूरले गेलतो आम्ही सारे, दीक्षा घ्याले. तवापासून कोनत्या देवाले हात जोडत नाई मी. लय हलकं वाटते बाई. पहिले सारखी भेव वाटे, ह्याचा कोप होईन, त्याचा कोप होईन." ती थांबली. छाती वर-खाली होत राहिली. मग माझ्या हातातल्या वाटीकडे पाहून म्हणाली, "पन तू काऊन रडून राह्यली? तुले बरं वाटत असन तर शिंपड. माह्यं काय जाते?"

तिने डोळे मिटून मानही थोडी पुढे केली.

मला तेव्हा काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. ती मान तिने देवासाठी पुढे केली नव्हती, माझ्यासाठी केली होती. तिला वर्षभरापूर्वी कुठे आयुष्यात पहिल्यांदा भीतीतून सुटका मिळाली होती, आणि ती सुटका माझ्या समाधानासाठी सोडायला ती तयार होती. एवढ्या मायेला जो मोजणार नाही आणि वरच्या चार थेंबांना मोजेल, त्याच्या हाती तिला देण्याची माझी इच्छा होईना. मी वाटी उचलून खिडकीत ठेवली. म्हटलं, "राहू दे मावशी. झोप तू."

"रागावली का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि तिचे पाय चेपत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मुलगा तोवर परत आला होता. आम्ही तिला वडनेरला नेलं. तिथे लोकांनी पांढरी वस्त्रं घातली होती. सगळे मिळून काही म्हणत होते. ते शब्द त्यांनाही नवेच होते, अडखळत म्हणत होते, पण एकत्र म्हणत होते. मला ते येत नव्हते. जे येत होते ते म्हणायची ती जागा नव्हती. मी बायकांच्या मागे उभी राहिले. एका म्हातारीने ही कोण म्हणून विचारलं. तिला उत्तर मिळालं, मिशनवाली हाये.

परत आल्यावर मी पाळकसाहेबांना सांगितलं, ती हो म्हणाली होती, मीच केलं नाही. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "फार मोठं ओझं घेतलंस." मग म्हणाले की मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं आपल्या रीतीत बसत नाही. एवढं बोलूनही ते जागचे हलले नाहीत. टोपी काढून, मान खाली घालून उभे राहिले, बराच वेळ. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली.

मी त्या दवाखान्यातच राहिले. रविवारी उपासनेला जात राहिले, प्रभूवरचं प्रेम माझं गेलं नाही. फक्त न्यायाच्या दिवसावर प्रवचन सुरू झालं की शेजारी बसलेल्या बायकांपासून मी मनाने फार लांब जाते. तो दिवस आला आणि मावशीचा बाप्तिस्मा कुणी अडवला असं विचारलं गेलं, तर मी पुढे होऊन म्हणेन, मी. शिक्षा असेल ती मला द्या, तिने मान पुढे केली होती. हे मी मनात कितीदा म्हणून पाहिलं आहे. हे ज्या दोघांना समजलं असतं, त्यांतली एक वडनेरच्या मातीत आहे आणि दुसरे, पाळकसाहेब, बदली होऊन कुठे गेले ते मला कधी कळलं नाही.