घासलेला नंबर

गल्लीतल्या गॅरेजवालीला सगळे फौजदार म्हणत. गाडी दुरुस्तीला आली की आधी मालकाची उलटतपासणी व्हायची. आवाज कधीपासून येतो, शेवटचा हात कोणी लावला, तेल कुठलं घातलं. उत्तर अडखळलं की ती पाना खाली ठेवायची आणि नुसती बघत राहायची. गिऱ्हाईक आपणहून खरं बोलू लागे.

हा स्वभाव एका महागात पडलेल्या अनुभवातून आला होता. बारा वर्षांपूर्वी एका गोडबोल्या माणसाने तिला जुना डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग, विकला होता. आत तेलात लाकडाचा भुसा कालवलेला. त्याने झिजलेल्या दातांचा आवाज दबतो. तिने विश्वासाने तो एका शिक्षिकेच्या गाडीला बसवला आणि उतारावर मागची चाकं जाम झाली. बाई वाचल्या, पण पुन्हा त्या दारात आल्या नाहीत. तेव्हापासून ती कोणाच्याही नुसत्या बोलण्यावर विसंबत नसे.

यंदा तिच्या धाकट्या बहिणीची गाडी बिघडली. वीस वर्षांची डिझेल गाडी. तिचा डिफरन्शियल आधी कण्हायला लागला, मग एका वळणावर कडाडला. उघडला तर तीन दात गळालेले. नवीन मिळणं शक्यच नव्हतं. त्या गाडीचे भाग बनायचे बंद होऊन जमाना झाला होता.

बहिणीचा नवरा म्हणाला, मी बघतो. गोदामात कारकुनी करणारा हा माणूस. घरातला दिवा बदलायलाही त्याला शेजारी लागायचा. आणि तो चार दिवसांत जुना डिफरन्शियल रिक्षात घालून हजर झाला. वर काळा रंग, अगदी ताजा. बोट लावलं तर ठसा उमटला.

तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. जुन्या लोखंडाला रंग कोण देतं? ज्याला काही झाकायचं असतं तो. तिने कुठून आणला म्हणून विचारलं. तो म्हणाला, ऑफिसातल्या मित्राची जुनी गाडी होती. दोन दिवसांनी चहा पिताना तिने सहज विषय काढला, तर मित्राच्या जागी कोणी ओळखीचा भंगारवाला निघाला. पावती मागितली तर मेहुणा चहा संपवून उठला.

ती कामाला लागली, पण तपास म्हणूनच. तेल एका पांढऱ्या ताटात काढलं. भुसा नव्हता. क्राउन आणि पिनियन, म्हणजे आतली मोठी आणि लहान दातेरी चाकं, जोडीनेच बनतात आणि दोघांवर एकच आकडा कोरलेला असतो. तो जुळत होता. दात मोजले, तेही बहिणीच्या गाडीला हवे तितकेच. दोन बेअरिंग तेवढ्या खडबडीत झाल्या होत्या. माल चांगला होता, आणि त्यानेच ती जास्त अस्वस्थ झाली. मग तिने घासलेटाने बाहेरचा रंग पुसला. कवचावर जिथे नंबर असायला हवा, तिथे ग्राइंडर फिरवल्याच्या चकचकीत रेघा होत्या.

मागच्याच महिन्यात पलीकडच्या रस्त्यावरून दोन गाड्या चोरीला गेल्या होत्या. त्यात बहिणीने फोनवर सांगितलं, हे हल्ली घरी आले की आधी अंघोळीला पळतात, धड बोलत नाहीत. फौजदाराने दोन अधिक दोन चार केले: माल चोरीचा होता.

दुसऱ्या दिवशी बेअरिंग शोधायच्या निमित्ताने ती भंगारच्या आवारात गेली. एक माणूस गॅसने गाडीचं दार कापत होता. डोळ्यांवर जाड काळा चष्मा, त्यामुळे ओळख न पटून ती पुढे निघालीच होती. पण शेजारच्या खिळ्याला डब्याची पिशवी लटकत होती. कडेला निळी टीप घातलेली. ती टीप तिने स्वतः बहिणीला घालून दिली होती.

त्याने चष्मा वर केला आणि गॅस बंद केला.

"गोदाम कधी सुटलं?" तिने विचारलं.

"सात महिने झाले, ताई."

"आणि नंबर का घासलात?"

"कुठला नंबर?"

त्याच्या तोंडाकडे बघून तिला कळलं की त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याने गंज समजून सगळंच घासलं होतं. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत तो ते कवच साफ करत बसला होता, आणि ताईने भंगार म्हणू नये म्हणून वर रंग दिला होता. तरी तिने आवाराच्या मालकाला गाठून नोंदवही बघितली. ज्या गाडीचा तो डिफरन्शियल, ती अपघातातली होती आणि मूळ मालकाने रीतसर विकलेली. तिचा सांगाडा भिंतीशी अजून उभा होता. तोही ती वाकून बघून आली.

निघताना मेहुणा म्हणाला, घरी मीच सांगतो, आठ दिवस द्या. तिने दिले.

त्या आठ दिवसांत तिने नव्या बेअरिंग आणि सील घातले, पातळ चकत्या कमी-जास्त करून दातांमधली फट जमवली. दात नीट जुळतात का बघायला त्यांवर निळा रंग लावून चाक फिरवलं. ठसा दातांच्या बरोबर मध्ये उमटला. गाडी आवाज न करता रस्त्याला लागली. मेहुण्याने मात्र तोंड उघडलं नव्हतं. शेवटी बहिणीनेच तिला विचारलं, यांचं काय चाललंय, तुला काही माहीत आहे का. ती म्हणाली, त्यांनाच विचार.

एवढं बोलणं बहिणीला पुरलं. त्या संध्याकाळी नवऱ्याने सगळं सांगितलं. बहीण त्याच्यावर रागावली नाही. ती दुसऱ्या दिवशी गॅरेजात आली.

"ते लाजेने गप्प बसले," ती म्हणाली. "तू कशाने?"

जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या बाईने पाना उचलला आणि समोरचा बोल्ट आवळायला घेतला. दीड महिना बहिणीचा फोन आला नाही.

मग तेल बदलायची वेळ झाली आणि बहीण स्वतः गाडी चालवत आली. स्टुलावर बसली, चहा नको म्हणाली. फौजदाराने डिफरन्शियलचा खालचा बोल्ट काढला. तेलातली झीज धरून ठेवणाऱ्या त्याच्या लोहचुंबकाला करड्या लोखंडाचा पातळ लेप होता, नव्या जोडणीला असतो तेवढाच. जाड कण एकही नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली.

"नक्की?"

तिने बोल्ट बहिणीपुढे धरला. बहिणीने तो लेप चिमटीत घेतला, बोटांत चोळून उजेडात नेऊन बघितला. मग हात पुसायला फडकं मागितलं.

"पुढच्या वेळी पण मला दाखव," ती म्हणाली.