बादलचा कूलर

नागपूर ही माझी शेवटची पोस्टिंग. निमलष्करी दलात इन्स्पेक्टर होते. शहराबाहेरच्या कॅम्पातलं डॉग स्क्वाड माझ्याकडे होतं. पाच कुत्री, पाच हँडलर. सकाळी पीटी, मग शोधकामाचा सराव, संध्याकाळी ग्रूमिंग. काम नेटकं चालायचं.

एप्रिलमध्ये आसामहून बादल आला. स्फोटकं हुंगणारा लॅब्राडॉर. सोबत त्याचा हँडलर हवालदार रामटेके, मूळचा इथल्याच, जवळच्या हिंगण्याचा. बादलला ऊन सोसेना, म्हणून रामटेकेने घरचा कूलर आणून केनेलसमोर लावला.

"काहून गा रामटेके," एक हँडलर म्हणाला, "घरी वहिनी घामाघूम अन् या जावयाले कूलर?"

"तिनंच पाठवला."

काही आठवड्यांत बादल खोकायला लागला. धावला की दमायचा.

"मॅडम, त्याले इथली हवा लागली," रामटेके म्हणाला.

बदलीवर आलेल्या प्रत्येकाला आमच्याकडे हवा लागते, नाहीतर पाणी. सगळ्यांना पटलं. तरी मी त्याचं रक्त तपासायला पाठवलं.

पशुवैद्यांचा फोन आला. "हार्टवर्म. हृदयात जंत आहेत. आसामकडे आढळतो, इथे सहसा नाही. याला चावलेला डास पुढे दुसऱ्या कुत्र्याला चावला, की इथेही पसरेल. जवळ साचलेलं पाणी आहे?"

कूलरच्या टाकीत अळ्या वळवळत होत्या.

आमची दोन कुत्री दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला ड्यूटीवर निघायची होती. मी वायरलेस उचलला.

"कंट्रोल, के-नाइन. सगळी कुत्री लाइन्समध्येच राहतील. मूव्हमेंट बंद. ओव्हर."

"कारण?"

"डास."

"पुन्हा सांगा."

"डास. ओव्हर."

टाकी उपडी केली. केनेलना जाळ्या लावल्या. बाकीच्या पाचही कुत्र्यांना प्रतिबंधक औषध सुरू केलं. जंत वाढायला वेळ लागतो. ती वाचली की नाही, हे सहा महिन्यांनीच कळणार होतं.

बादलला जंत मारायची इंजेक्शनं दिली. धावणं बंद. शिट्टी झाली की तो उठायचा.

"बस गा बाबू," रामटेके म्हणायचा. "ऑर्डर हाय."

बादल बसायचा. पण मेलेले जंत फुप्फुसात अडकले आणि तो गेला. केनेलमागे पुरला, वर कडुनिंब लावला. रामटेकेने सॅल्यूट केला आणि बाकीच्यांना औषध द्यायला गेला.

दिवाळीनंतर रिपोर्ट आले. पाचही निरोगी. पेढे रामटेकेने आणले.

मी आता निवृत्त आहे, नागपुरातच लकडगंजला राहते. उन्हाळ्यात कूलर निघाले की रामटेकेचा फोन येतो.

"मॅडम, टाक्या रोज कोरड्या करतो. सगळे ओके."

"बादलच्या निंबाला पाणी?"

"घालतो जी. साचू देत नाही."