इस्लापूरच्या रजिस्टरातले एक पान

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — पत्नीपाशीही नाही. ज्या कामासाठी माझे कौतुक झाले, त्याच कामातली ही गोष्ट आहे.

नांदेडला जुन्या शाळांची प्रवेश-रजिस्टरे स्कॅन करून जपण्याचे काम माझ्याकडे होते. पाने क्लाउडमध्ये, त्यांची यादी आमच्या सर्व्हरवर. प्रत्येक शोधासाठी उगीच क्लाउड उघडू नये, म्हणून मी व्यवस्था अशी बसवली — यादीत नाव नसेल, तर तिथूनच 'नोंद नाही' हे उत्तर. यादी आपोआप ताजी होणेही बंद केले. त्यासाठीही क्लाउडमध्ये जावे लागे ना! नवी पाने चढली की ती हाताने ताजी करायची, असे ठरले. कुणी ठरवले? मीच.

इस्लापूरचे मारोतराव शोधाचा अर्ज भरून मुलीला घेऊन आले. जात पडताळणीवाचून तिचा नर्सिंगचा प्रवेश अडला होता. त्यासाठी त्यांच्या आजोबांची शाळेतली नोंद हवी होती. यादी म्हणाली, नाही.

"साहेब, आजा चौथी शिकल्याला हाय. गावात पयला. एकडाव आत बघा की."

शेजारच्या टेबलावरून शोभाताई म्हणाल्या, "बघा ना सर, तुमची यादी काय देव हाय का?"

मी पाहिले का? दोन मिनिटांचे काम होते. माझ्या व्यवस्थेवर कुणी शंका घ्यावी, हेच मला सोसले नाही. म्हणालो, "आजोबा शाळेत गेलेच नसतील." मुलीदेखत म्हणालो.

"बाबा, तुमी तर सांगत होता..." — ती इतकेच बोलली. मारोतराव तिला घेऊन निघाले.

प्रवेशाची मुदत टळली. चार महिन्यांनी मी यादी ताजी केली आणि इस्लापूरचे रजिस्टर समोर आले. ते दोघे आले त्याच्या कितीतरी आधी चढलेले. आजोबांचे नाव. इयत्ता चौथी. शेरा — वर्तणूक चांगली.

मग मी काय केले? व्यवस्था दुरुस्त केली. अर्जावर फोन नंबर होता; तो फिरवला नाही. शोभाताईंनी विचारले, तेव्हा "नोंद नंतर चढली" असे सांगितले — शांतपणे, डोळ्यांत पाहून.

मागच्या वर्षी मारोतराव वारल्याचे कानावर आले. मुलीच्या लेखी ते आजही खोटे बोललेले वडील असतील.

ते पान आता क्षणात उघडते. मी ते पुष्कळदा उघडतो. मुलीचा नंबरही त्याच अर्जावर आहे, वडिलांच्या नंबराखाली.

मी अजूनही फोन केलेला नाही.