कुकरची जुनी रिंग

सुनेनं आज कुकरची जुनी रिंग काढून ओट्यावर ठेवली. मी ती सहज वाकवून बघितली, तर वाकवली तिथेच तिला भेग पडली. इतकी कडक झाली होती.

"आई, टाका ती. नवी आणलीय," सून म्हणाली.

तरुणपणी मी रिंग अशी टाकत नसे. शिट्टी होईनाशी झाली की रिंग फ्रीजमध्ये ठेवायची, आणि ती आणखी चार दिवस चालली की मोठा शोध लावल्यासारखी आळीभर सांगत फिरायची. बिघडलेलं काहीही जरा गार केलं की ताळ्यावर येतं, अशी ठाम समजूत! काय ती अक्कल आणि काय तो तोरा!

परवा डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं थकली की रक्तवाहिन्या कडक होतात. त्यानं दाब चढतो, आणि चढलेला दाब मूत्रपिंडांना आणखी थकवतो. "गोळ्यांनी जमेल तेवढं आवरू, आजी. पण कडक झालेली रक्तवाहिनी पुन्हा मऊ होत नाही." मी मान डोलावली. शेजारी बसलेल्या नातीला ते पटलं नाही.

तीच रोज माझा दाब मोजते. आजही आकडा वरच आला.

"आजी, तू हललीस. पुन्हा बघू."

मी देवळातल्या मूर्तीसारखी बसले. आकडा तसाच.

"आता मोठा श्वास घेतलास."

"घेते गं अधूनमधून," मी म्हटलं. "सुटेल हीही सवय."

ती हसली नाही. पट्टा पुन्हा माझ्या दंडाला गुंडाळू लागली.